बाळंतिणीची ओंजळ

बारशाच्या सकाळी चारुताला पुन्हा तेच स्वप्न पडलं.

गावच्या मोठ्या तळ्याचं, लक्ष्मी तालाचं पाणी थंडीत गोठल्यासारखं निश्चल, आणि त्यावर धुक्याची साय. पायरीवर एक बाई पाठमोरी बसून हात धुते आहे. चारुता तिला काहीतरी विचारते. प्रश्न पाण्यावरून सरकत सरकत जातो, बाईच्या पाठीला टेकतो आणि तिथेच थांबतो. बाई मान वळवत नाही. हात धूत राहते, धूत राहते, आणि पाण्याचा तो आवाज वाढत वाढत अख्खा ताल भरून टाकतो.

डोळे उघडले तेव्हा न्हाणीघरात कुणीतरी बादली भरत होतं. खोलीत ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी मंद तरंगत होती. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धुराचे पदर एकमेकांवर पडत होते, सुटत होते. कुशीतली मुलगी झोपेत हसली. सटवाई हसवते, असं सासूबाई म्हणत. चारुता तिच्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत स्वप्न कुठे संपतं आणि दिवस कुठे सुरू होतो, हे तिला नीटसं कळेनासं झालं होतं. दूध, झोप, शेक, पुन्हा दूध. सगळं एकाच कोमट पाण्यात विरघळलेलं.

"वहिनी, उठलीस? अळिवाची खीर आहे. गरम आहे तोवर खा, नाहीतर मलाच संपवावी लागेल," असं म्हणत देविका आत आली. तिचं पोट आता तिच्या आधी दारातून आत शिरत होतं. ग्वाल्हेरहून ती बाळंतपणाला माहेरी आली होती. महिन्या-दीड महिन्यात तिचीही वेळ येणार होती.

चारुतानं वाटी हातात घेतली. देविका पलंगाच्या कडेला टेकली आणि भाचीच्या पायाच्या अंगठ्याशी खेळत म्हणाली, "एक विचारू? मागे दवाखान्यात विचारलं होतं तेच."

"विचार ना."

"कसं असतं गं? खरं सांग. आई म्हणते, काही नाही, सगळ्यांचं होतं. आशिषदादा म्हणतो, ए-वन जागा आहे, खोलीत फुलं ठेवतात. तू म्हणालीस, छान होतं."

चारुतानं चमचा वाटीत फिरवला. खीर दाट होती, चमच्यामागे वाट उमटायची आणि लगेच मिटायची.

"छान होतं," ती पुन्हा म्हणाली.

देविका खुशीत उठून गेली. चारुतानं वाटी बाजूला ठेवली. या घरात तिला बोलायला तोंड नव्हतं असं मुळीच नव्हतं. तिची आई तिच्या लग्नाआधीच गेली. वडील सागरला एकटे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वसुंधराबाईंनी तो प्रश्नच निघू दिला नाही. "माझ्या घरी होईल. मी आहे ना तिची आई," असं म्हणून त्यांनी सुनेसाठी स्वतःच्या हातानं डिंकाचे लाडू वळले, पायाला तेल चोळलं. अशा बाईसमोर तक्रार कुठल्या तोंडानं करायची? आणि तक्रार तरी कसली? बाळ-बाळंतीण सुखरूप. घोडं गंगेत न्हालं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत हेच शब्द प्रत्येकानं भांड्यावर झाकणी ठेवावी तसे ठेवले होते. झाकणीखाली काय शिजत होतं, ते कुणी विचारलं नाही.

बाहेर ओसरीत उन्हात खुर्ची टाकून राधाबाई तांदूळ निवडत होत्या. चारुताच्या सासऱ्यांची, गोपाळरावांची ही आत्या काल गुरसरायहून आली होती. ऐंशीच्या पुढची बाई, पण तांदळातला खडा तिच्या बोटातून सुटत नसे. तिच्या मराठीत इथली बुंदेली बोली इतकी मुरली होती, की वेगळी काढता येत नव्हती.

"ये बिन्नू, ये पोरी, बैस," त्या चारुताला म्हणाल्या. "ऊन घे. आज तुझ्याच हातचं काम आहे."

"माझ्या हातचं?"

"सासूनं सांगितलं नाही? सुईणीची ओटी."

ओटी भरायची हे चारुताला ठाऊक होतं. वसुंधराबाईंनी मोठ्या हौसेनं ठरवलं होतं ते: डॉक्टर अंबिकाताईंना बारशाला बोलवायचं आणि चार लोकांत त्यांची ओटी भरायची. अंबिका म्हणजे राजाभाऊंची मुलगी. राजाभाऊ आणि गोपाळराव यांनी तरुणपणी या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळींचा गणपती मिळून बसवलेला. सदर बाजाराच्या बाजूला अंबिकाचं स्वतःचं नर्सिंग होम होतं. घरचीच डॉक्टर. चारुताला तिथे न्यायचं की नाही, असा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नव्हता.

"ही रीत मधे बुडाली होती," राधाबाई म्हणाल्या. "बाया दवाखान्यात जायला लागल्या, मग ओटीच्या जागी पेढ्यांचा पुडा गेला. वसुंधरेनं पुन्हा काढली, बरं केलंन. पण तिला अर्धीच ठाऊक आहे." त्यांनी सुपातला हात थांबवला. "नारळ, खण कुणीही देईल. तांदूळ मात्र बाळंतिणीनं द्यायचे. आपल्या ओंजळीनं. आणि ओंजळ किती भरायची, ते तिचं तिनं ठरवायचं. सासूनं, नवऱ्यानं, कुणी मधे बोलायचं नाही."

"किती म्हणजे?"

"हातानं सुख दिलं असेल तर शिगोशीग. मग घरातलं पुढचं बाळंतपण त्याच हातचं. मन दुखलं असेल तर कमी. सुईण ओंजळ बघून समजायची." त्या गालात हसल्या. "आमच्या गुरसरायला एका दाईला माझ्या सासूनं स्वतःच्या बाळंतपणात अर्धी ओंजळ दिलीन. बाई जेवणाच्या पंगतीत शब्द बोलली नाही. पण पुढल्या खेपेला दोन दिवस आधी येऊन बसली, नखं कापून."

दारात उभा असलेला आशिष हसला. "आत्याआजी, ये तो रेटिंग हो गया. फोनवर तारे देतात तसं."

"तारे तुम्ही द्या बाबा. आमचे तांदूळ निदान शिजतात तरी."

"आणि रिकामी ओंजळ?" चारुतानं विचारलं.

राधाबाईंनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "रिकामी कुणी दिल्याचं मी ऐकलं नाही. पोर तर हातात दिलंन ना तिनं."

चारुता खोलीत परतली. आशिष मागोमाग आला आणि कपाटातून झब्बा काढू लागला. तिनं दार लोटलं.

"मी पूर्ण ओंजळ देणार नाही."

"कसली ओंजळ?" मग त्याच्या लक्षात आलं. "चारू, काहीतरीच काय. आत्याआजीच्या गोष्टी त्या. अंबिकाताई सुट्टीच्या दिवशी धावत आली होती आपल्यासाठी. बाबांना काय वाटेल? आणि आता देविकाचं तिथेच व्हायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"देविकाचं तिथेच व्हायचंय, म्हणूनच."

झब्बा त्याच्या हातातच राहिला. "झालं काय होतं? तू तर छान म्हणालीस."

"तू विचारलंस, सगळं ठीक ना? त्याला हो याशिवाय दुसरं उत्तर नव्हतं."

मग तिनं सांगितलं. ओळीनं नाही, ओळीनं तिला आठवतच नव्हतं. तिला चालायचं होतं, चाललं की कळ सोसवत होती, पण चालू दिलं नाही. ओरडली तेव्हा नर्स म्हणाली, "चिल्लाओ मत, तुम अकेली नहीं हो जिसको बच्चा हो रहा है." इंजेक्शन दिलं, कशाचं, विचारलं तर कुणी सांगितलं नाही. कापलं, तेही नंतर टाके घालताना कळलं. अंग तरंगायला लागलं होतं, दिवे लांब लांब गेले होते, कानात नुसता घुमारा. आणि मग पोट एकदम हलकं झालं. कुणीतरी काहीतरी गुंडाळून शेजारच्या खोलीत नेलं.

"मला रडणं ऐकू आलं नाही, आशिष. मला वाटलं…" तिनं वाक्य सोडून दिलं. "मी विचारलं, बाळ रडलं का? तेव्हा मला हिंदी सुचलीच नाही. कॉलेजात, ऑफिसात, तुझ्याशीसुद्धा अर्धी हिंदीच बोलते मी. पण त्या वेळी तोंडातून फक्त मराठी निघाली. नर्स म्हणाली, चुप लेटी रहो. तिला कळलं नसेल. पण त्या खोलीत एक माणूस होतं, ज्याला मराठी कळत होती. ती बेसिनशी पाठमोरी हात धूत होती. मी पुन्हा विचारलं. तिनं नळ बंद केला आणि बाहेर गेली. मग बाळ मला दिलं तेव्हा खिडकीतलं ऊन पार भिंतीवर गेलं होतं. तोवर मी नुसती छताकडे बघत होते."

आशिष पलंगावर बसला. मुलीच्या मिटलेल्या मुठीत त्यानं आपलं बोट सरकवलं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं हळूच विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं असावं, कारण तो उठून निमूटपणे झब्बा घालायला लागला. जाताना दारात थांबून म्हणाला, "तुला हवी तेवढी घे. बाबांचं मी बघतो."

दुपार चढली तसं घर भरलं. घुगऱ्यांचा वास, हळदीकुंकू, नव्या साड्यांची सळसळ. पाळण्याला झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. अंबिकाताई आल्या त्या सरळ दवाखान्यातूनच. मोतिया रंगाची साडी, डोळ्यांखाली थकवा, हातात स्वतः विणलेलं लोकरी टोपडं. त्यांनी आल्या आल्या मुलीचे डोळे पाहिले, बेंबी पाहिली, चारुताच्या कपाळावर हात ठेवला. तो हात उबदार होता. चारुताला वाटलं, ही बाई वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

बाळंतपणातल्या बाईला गर्दी अशीच दिसत असावी, पाण्याच्या तळातून दिसावी तशी. माणसं हलत होती, ओठ हलत होते. वरवंटा टोपडं घालून पाळण्याखालून वर, वरून खाली फिरला. देविका आत्या म्हणून वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "हळू गं, तीही दोन जिवांची आहे," कुणीतरी म्हणालं, सगळ्या हसल्या. मुलीचं नाव स्वराली ठेवलं गेलं. नाव ऐकून तिनं एक जांभई दिली आणि पुन्हा झोपली.

"आता ओटी," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "अंबिका, बैस पाटावर. चारू, ये."

अंबिकाताईंनी पदर पसरला. चारुतानं खण ठेवला, नारळ ठेवला. राधाबाईंनी तांदळाचं तबक पुढे केलं. चारुतानं दोन्ही हात तांदळात घातले. तांदूळ गार होते, तालाच्या पाण्यासारखे. तिनं ओंजळ उचलली. बोटांच्या फटीतून दाणे गळू लागले आणि तिनं ते गळू दिले. उरले तेवढे पदरात ओतले आणि हात मागे घेतले.

अर्धी ओंजळ. तबकात ढीग तसाच होता.

बोलणी एकेक करून थांबली.

"सूनबाई, घे अजून," गोपाळराव खुर्चीवरून म्हणाले. "तांदळाला काय तोटा आहे आपल्याकडे? संकोच कसला?"

"गोपाळ," राधाबाई तबक न हलवता म्हणाल्या, "बायकांच्या ओटीत पुरुषानं बोलायचं नसतं."

"अगं आत्या, पण पाहुणी…"

"बाबा, राहू दे," आशिष म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं, की गोपाळरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

अंबिकाताई पदरातल्या तांदळाकडे बघत होत्या. त्याही याच मंडळींतल्या. त्यांच्या आजीनंही हे कधीतरी सांगितलं असणार. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "काय गं, माझे गुण कापलेस का? बाळ ठणठणीत आहे, टाके भरले, तू हिंडते-फिरतेस. काय कमी पडलं?"

चारुताची नजर फिरली. कोपऱ्यात देविका उभी होती, दोन्ही हात पोटावर. तिच्या डोळ्यांत नुसता प्रश्न होता, सकाळचाच.

"मी सांगते," वसुंधराबाई म्हणाल्या.

चारुतानं चमकून वर पाहिलं. सासूबाईंचा चेहरा उतरला होता, पण आवाज हलला नाही.

"मी दाराबाहेर होते, अंबिका. आतून हाक येत होती, आई, आई. हिची आई नाही. ती हाक माझीच. मी आत जायला निघाले, तर नर्स म्हणाली, अंदर कोई नहीं जाएगा. मी थांबले. दुसरा कुठला दवाखाना असता, तर मी दार ढकलून गेले असते. तुझा आहे म्हणून थांबले. म्हटलं, आत आपलं माणूस आहे." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "घरी आल्यावर मी हिला काही विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मला ऐकावं लागलं असतं."

घुगऱ्यांच्या द्रोणावर एक माशी घोंघावत होती.

"अंबिकाताई," चारुता म्हणाली, "मी तुम्हाला एक विचारलं होतं तिथे. दोनदा. तुम्ही हात धूत होता."

अंबिकाताईंचे डोळे क्षणभर कुठेतरी दूर गेले. बहुधा त्या खोलीत, त्या बेसिनपाशी.

"ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मराठी कानावर पडली म्हणून हात थांबलासुद्धा माझा. पण बाहेर दुसरी अडली होती, डोकं तिच्याकडे होतं. वाटलं, पोर चांगलं आहे, आत्ता देतीलच हिला, कळेलच. असं रोज वाटतं. आपल्याला माहीत असतं ना सगळं ठीक आहे, मग तिलाही माहीत असेल असंच वाटतं." त्या थांबल्या. पदर दोन्ही हातांनी सावरून त्यांनी मान वर केली आणि सरळ चारुताकडे पाहिलं.

"रडलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात आलं तेव्हाच. खणखणीत. नर्स दचकली होती."

चारुताच्या आत कुठेतरी पाणी हललं. पायरीवरची ती बाई इतक्या दिवसांनी मान वळवत होती. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

राधाबाईंनी तबक उचललं. "ओंजळ वाढवायची नसते," त्या शांतपणे म्हणाल्या, "दिली ती दिली. उरलेले तांदूळ पुढच्या बाळंतिणीचे." आणि तबक त्यांनी देविकाच्या हातात दिलं.

देविकानं ते छातीशी धरलं. नणंद तशी थट्टेखोर, पण आता तिचा आवाज बारीक झाला होता. "ताई, मी तुमच्याकडेच येईन. पण माझ्याजवळ कुणीतरी हवं. आत. आणि काय करताय ते आधी सांगायचं. मग मी ओरडले तरी चालेल, तुम्ही रागवा. पण सांगायचं."

"कोण हवं आत? काकू?"

देविकानं आईकडे पाहिलं, मग चारुताकडे. "वहिनी. आई आत आली तर माझ्याआधी तीच रडेल."

कुणीतरी खुदकन हसलं आणि घरात पुन्हा हवा खेळू लागली. गोपाळरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "राजाभाऊंची मुलगी आहे," ते कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले, "ऐकेल ती." अंबिकाताईंनी पदराच्या टोकात ती अर्धी ओंजळ गोळा केली, सांडलेला एक दाणासुद्धा बोटानं टिपून घेतला, आणि गाठ मारली. गाठ घट्ट बसली आहे ना, ते दोनदा पाहिलं.

तेवढ्यात पाळण्यात स्वराली जागी झाली. तिनं एकदा तोंड वेडंवाकडं केलं, श्वास भरून घेतला आणि टाहो फोडला. वसुंधराबाई धावल्या, देविका तबक घेऊनच वळली, आशिषनं पाळण्याची दोरी धरली. "अले अले, कोण ललतंय?" "भूक लागली असेल." "नजर लागली, मीठ-मोहऱ्या आणा."

"थांबा," चारुता म्हणाली.

सगळे थांबले. ती पाळण्याजवळ गेली, खाली बसली आणि त्याच्या कडेला डोकं टेकवून तिनं डोळे मिटले. घरभर, ओसरीभर, बाहेरच्या उन्हात तो आवाज खणखणीत वाजत होता.

"एक मिनिट रडू द्या तिला," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."